लाईट गेली

रातपाळीहून आलो की मी दुपारी एकपर्यंत झोपतो.
म्हणजे पडतो.
अशोक चौकाच्या मागचा बोळ,
पत्रा तापलेला, दार अर्धं उघडं,
आणि बाहेर सहा पोरं
माग झालेली.

खटाक्-खट, खटाक्-खट.
बसू हातानं धोटा फेकतो,
मोहसीनचं तोंड म्हणजे मोटर.
लवकुमार लाईट आहे.
त्याचं काम एवढंच: खांबाला टेकून उभं राहायचं
आणि मनात येईल तेव्हा खाली बसायचं.

तो बसला की सगळे थिजतात.
जो हलला तो बाद.

दुसऱ्या गावची पोरं
असल्या खेळात पुतळे होत असतील.
आमच्यात लाईट जाते.

माझी श्रवंती हलते, तरी तिला कुणी बाद करत नाही.
ती कपाळ पुसते, पायरीवर बसते,
"जाऊ दे बे, आजचे टावेल अर्धेच,"
म्हणते, आणि खोकते.
दोनदा बारीक, एकदा लांब.
मी पडल्या पडल्या छातीवर हात ठेवला.
खोकला माझाच होता.

मग ती अम्मा झाली.
तेंदूपानाची कातरणं, तंबाखू म्हणून माती.
ओकटी, रेंडू, मूडू...
पंचविसाचा कट्टा बांधून झाला की
नागमणी चेकर, ती मराठीत:
"छाट. छाट. ही पण छाट."
मोजणी घरच्या भाषेत,
बोलणी कारखान्याच्या.

खरी अम्मा उंबऱ्यात,
मांडीवर सूप घेऊन बघत होती.
हसली. दोरा दातानं तोडला.
"एवढ्या नाही काढत गं," म्हणाली.
दोन विड्या वळून झाल्यावर म्हणाली,
"काढतो."

नंतर कोण जाणे कुणी ठरवलं,
आता नायना झोपलाय.
सगळा कारखाना कुजबुजीवर आला.
मोहसीननं मोटर गिळली.
श्रवंती दाराशी येऊन वाकली,
बघत राहिली,
तोंड किती उघडं, हात कुठं.
रोज बघते, तरी नीट आठवत नसावं.

मी डोळे मिटून घेतले.
एक पाय दुमडला, थोडं घोरलोसुद्धा,
तिची चूक होऊ नये म्हणून.

खांबापासून लवकुमार ओरडला,
"ए, लाईट आली!"

कुणीच हललं नाही.