कल्हईवाल्याचे दात

चौबाऱ्याजवळ, मेडिकलच्या डोक्यावर माझी एक खोली.
जिना उभा. चाँदपाशा दोनदा थांबून चढले,
खुर्चीत बसायच्या आधी सगळं न्याहाळलं,
दिवा, नळी, थुंकायचं भांडं.
भांड्याला नखानं टिचकी मारली.
"स्टील. याला आमची गरज नाही,"
म्हणाले, आणि मग आ केला.

खालच्या पुढच्या दातांमागे
चाळीस वर्षांचा दगड.
तंबाखूनं तपकिरी, चुन्यासारखा कडक,
बोअरच्या तोटीला येतो तसा थर,
सहा दात एकात एक सांधलेले.

मी यंत्र उचललं, पाणी सोडलं.
त्यांनी हात वर केला.
"थांबा. घासल्यावर पातळ होतंय का वो हे?
मी जन्मभर भांडी घासली.
वाळू, चिंच, पातेल्यात पाय देऊन गरगर.
घासणारा थोडं नेतोच, मॅडम."

उदगीरात बसून सात वर्षं झाली,
हा प्रश्न रोज येतो,
पण असा, धंद्यातल्या माणसाचा, पहिल्यांदाच.

मी सांगितलं, चाचा, हे टोक घासत नाही.
सेकंदाला पंचवीस हजार वेळा थरथरतं,
दगडाचा धीर सुटतो, तो कडेनं निघतो.
फक्त आडवं धरावं लागतं,
दाताच्या अंगाला अंग लावून.
उभं टोचलं तर ओरखडा,
आणि तो माझ्या मनगटाचा दोष.
शेवटची पॉलिश मात्र, ती पावडर, रबराची वाटी,
ती नेते.
"किती?"
केसाच्या जाडीचे शंभर काप करा,
त्यातला एखाददुसरा.

"एवढं आमच्यात हिशेबात धरत नाहीत,
परत नवसागर, परत कथील, झालं.
याला परत लावता येती का?"

यंत्राचं पाणी माझ्या कोपरावरून ओघळत होतं.
नाही, म्हटलं.
हे वरचं पांढरं आत हिरडीतच तयार होतं,
दात दिसायच्या आधी, एकदाच.
करणाऱ्या पेशी दात उगवता उगवता मरून जातात.
लाळेतले क्षार थोडी डागडुजी करतात,
पण भट्टी पुन्हा पेटत नाही.

भट्टी हा शब्द मी सहज वापरला.
ते छताकडे बघत राहिले.
त्यांच्या भट्टीच्या जागी आता
मोबाईलच्या काचा बदलून मिळतात,
हे मला खालच्या मेडिकलवाल्यानं नंतर सांगितलं.

"मग दगड काढा.
पावडर राहू द्या. डाग असू द्या.
चमकून मला कुठं जायचंय?"

पन्नास मिनिटं लागली.
लाल पाणी, मध्येच टक्‌ असा आवाज,
आणि ट्रेमध्ये एक खपली, ज्वारीच्या दाण्याएवढी.
चूळ भरल्यावर जीभ मागे गेली, डोळे मोठे झाले.
"फटी पडल्या. दात खिळखिळे केले तुम्ही!"
आरसा हातात दिला.
फटी होत्याच, चाचा, दगडानं लिंपल्या होत्या.
त्याच्या आड हिरडी उतरत गेली, मूळ उघडं पडलं,
आणि मुळाला हे वरचं कवच नसतं.
आठ-पंधरा दिवस गार झोंबेल.
माठातलं पाणी नको. ब्रश मऊ घ्या,
पातेलं समजून घासू नका.

ते हसले. तोंड मिटून, कारण हवा लागत होती.

पैसे मोजून दिले, पन्नास कमी,
"पॉलिश नाही केली ना?"
ती खपली रुमालाच्या कोपऱ्यात बांधली.
कशाला, ते मी विचारलं नाही.

मग मी हातमोजे काढले,
यंत्राचं टोक मोजायच्या पट्टीवर धरलं.
दोन मिलिमीटर झिजलेलं. बदलायला झालं होतं.

जिन्यातून दोनदा आवाज आला,
थांबून, दातांतून गार हवा आत ओढल्याचा.
एकदा मधल्या वळणावर.
एकदा अगदी खाली, रस्त्याच्या तोंडाशी, जरा जास्त वेळ.