रकाना क्रमांक सात

मध्यस्थांच्या यादीत नाव ठेवायचं
तर फॉर्म पुन्हा भरा म्हणाले.
रकाना क्रमांक सात : अनुभव, थोडक्यात.
खाली दीड ओळ.

एप्रिल. बार रूममधला पंखा
गरम हवाच इकडची तिकडे करतोय.
मी लिहिते, सुवर्णलता गुर्रम, दिवाणी वकिली, सोलापूर,
वर्षे एकतीस.
दीड ओळ संपली.

मग हे कुठं लिहू,
की पहिली तीन वर्षं हत्तुरे वकिलांच्या मागे
मी फायली छातीशी धरून जिने चढले,
आणि त्यांनी शिकवलं ते एवढंच :
आधी कागद वाच, मग अशिलाचं तोंड.
पहिली फी चाळीस रुपये आणि डबाभर शेंगाचटणी.
विड्या वळणाऱ्या बालमणी म्हणाल्या, उरलेले पुढच्या तारखेला.
पुढच्या तारखा अकरा झाल्या.

भांडायला मी चांगलं शिकले.
एकच प्रश्न तीन बाजूंनी विचारायचा,
साक्षीदाराच्या कॉलरला घाम दिसेपर्यंत.
आई तेलुगूत म्हणायची,
घरात तरी माझी उलटतपासणी घेऊ नकोस.

येमूल बंधूंचा दावा.
अशोक चौकाच्या मागे पत्र्याचं शेड, बारा माग.
मी थोरल्याची वकील. नऊ वर्षं.
निकाल आमच्या बाजूनं, खर्चासह.
सील तोडलं तेव्हा मी तिथं होते :
एका मागावर चादर तशीच ताणलेली,
मोराला मान होती, डोळा होता,
पिसारा विणायचा राहिलेला.
गंजलेलं लोखंड भंगारवाल्यानं किलोवर नेलं.
काट्याकडे दोघे भाऊ पहिल्यांदाच एकत्र बघत होते.
थोरल्यानं माझी फी त्याच पैशातून दिली.
मी घेतली.
हेही अनुभवातच धरायला हवं.

आता रेकॉर्ड रूमशेजारची खोली.
गोल टेबल, एका आखूड पायाखाली
घडी घातलेली जुनी नोटीस.
इथं कुणी उठून उभं राहत नाही,
कुणी मला "युवर ऑनर" म्हणत नाही.
लोक भांडतात कानडीत,
सांगतात मराठीत.
मी कानडी संपायची वाट बघते.

अक्कलकोटकडचं एक जोडपं,
दागिने, पोटगी, दोन वर्षं तेच ते.
त्यानं मध्येच विचारलं,
थायरॉईडची गोळी घेतेस ना?
तिनं पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच ठेवला.
मी पेन बंद केलं.
त्या दिवशी काहीच मिटलं नाही.
मी पुढची तारीख दिली.
हत्तुरे असते तर हसले असते.

"मॅडम, ओळीबाहेर लिहू नका," क्लार्क म्हणतो.
मी खोडते. फक्त वर्षं ठेवते.

फाटकाबाहेर चहाची गाडी
धाकट्या येमूलची, नरसय्याची.
रोज मला बघून कप आधी विसळतो.
एकदा म्हणाला, "ताई, तुम्ही फार चांगलं भांडला होता."
त्यात टोमणा होता का, मी अजून शोधते आहे.
एकतीस वर्षं माणसांचं बोलणं तोलते,
हे एक वाक्य तोलता येत नाही.

चहाचे पैसे तो मोजून घेतो.
सुटे परत देताना
हाताला हात लागू देत नाही.