फेरी सुटेपर्यंत

पहिल्या खेपेला पुरावा म्हणून तिनं आणला होता
एक चहाचा चमचा.
सकाळी दाराच्या पायरीवर मिळालेला, लख्ख घासलेला.
मी चष्मा काढून विचारलं,
"चमच्यानं कुणाचं काय बिघडतं, मिस फ्लेट?"
मागच्या बाकावर कुणी तरी हसलं.
मीही हसले, ओठांच्या आत.

दुसऱ्या खेपेला मी रजेवर होते.
बदली न्यायाधीशांनी लिहिलं : धक्का रस्त्याइतकाच सर्वांचा.
तिथं रोज उभं राहणं म्हणजे गुन्हा नव्हे.

तिसऱ्यांदा एक फॉर्म कमी पडला.
तारीख.

कर्कवॉलला डिसेंबरात तीन वाजताच दिवे लागतात.
त्या दिवशी आमच्या कारकुनानं, म्हाताऱ्या रेंडलनं,
न विचारता तिन्ही फायली एकाच दोरीत बांधून
माझ्यासमोर ठेवल्या
आणि खोकत निघून गेला.

वेगवेगळ्या वाचल्या तर किरकोळ.
एकाखाली एक लावल्या तर पावलं,
आणि सगळी पावलं एकाच दाराकडे जाणारी.

त्याचा वकील म्हणत होता, "इतकी माया हल्ली कोण करतं?"
मी म्हटलं, थांबा.
थोरा फ्लेट, चमचा पाहून तुम्हाला काय समजलं?

दीड वर्षात हे कुणी विचारलंच नव्हतं.
ती काही बोलली नाही. डावी बाही वर सारली.
मनगटाच्या आत चार डाग,
लांबट, गोल,
चमच्याच्या मापाचे.

तो समोर बसला होता. इस्त्रीचा कोट, नम्र मान.
तिच्याकडे नाही,
त्या डागांकडे पाहत होता,
आपली सही ओळखावी तसा.

आदेशात मी घर लिहिलं, दुकान लिहिलं, धक्का लिहिला,
फोन, पत्र, निरोप्या मित्र,
आणि शेवटी स्वतःच्या हातानं : चमचा.
टायपिस्टनं दोनदा विचारलं. हो, म्हटलं, चमचाच.

मग तिला म्हणाले, तुम्ही निघा, पावणेपाचची फेरी मिळेल.
मिस्टर ड्रेव्हर, तुम्ही बसा.

वारा खिडक्या हलवत होता.
तो पहिल्यांदाच घड्याळाकडे बघत होता,
ती दीड वर्ष बघत आली तसा.

भोंगा झाला. तो उठू लागला.

बसा, म्हटलं.
दिवा अजून दिसतोय.