न बघितलेली पानं

फहाहीलला गुरुवारी रात्री
परकारच्या खोलीत आम्ही पोकर खेळतो.
पैसे नाहीत. इथं पैसे लावले तर थेट विमान.
खजुराच्या बिया, धुऊन गच्चीवर वाळवलेल्या;
शाईत बुडवलेली एक म्हणजे साध्या दहा.

चार वर्षांत हरलेल्या बिया पेरल्या असत्या
तर मीना अब्दुल्लापासून नुवैसीबच्या नाक्यापर्यंत
माझीच सावली पडली असती.

नशीब, म्हणायचो.
पत्ते नीट पिसत नाहीत, म्हणायचो.
कुंजुमोन हसायचा
आणि माझ्या बिया आपल्या डब्यात ओतायचा.

या हिवाळ्यात
ज्या वहीत मी व्हॉल्व्हची गळती लिहितो
तिच्याच मागच्या पानापासून, उलटं,
स्वतःचं इन्स्पेक्शन सुरू केलं.
तारीख. हातातली पानं. किती गेल्या. का.

पहिले काही आठवडे ‘का’च्या रकान्यात
दुसऱ्यांचीच नावं होती.
नेव्हिलनं फसवलं. परकारला शेवटचं पान लागलं.
फेब्रुवारीत कधीतरी एक खरं वाक्य उतरलं:
हरलोय हे माहीत होतं, तरी बघायचं होतं.
त्याखाली तेच. पुढच्या गुरुवारी तेच.
अकरा वेळा, बघायचं होतं.

गळती सापडली की आम्ही खडूनं गोल करतो.
मी पेन्सिलीनं केला.

म्हणजे मला ओळखता येत नव्हतं, असंही नाही.
परकारकडे खरंच काही असलं की तो चहा विसरतो,
कपावर साय धरते. मला ती दिसते.
तरी मी बिया पुढे सारायचो,
जत्रेत तिकीट काढून तंबूत डोकावणाऱ्या पोरासारखा.

मार्चमध्ये दोनदा घसरलो.
एकदा तर डाव सोडून दिल्यावर
“सांग ना, काय होतं” म्हणत
नेव्हिलच्या मागे जिन्यापर्यंत गेलो.
तो म्हणाला, विकत घ्यायचं होतंस.

काल माझ्याकडे दोन राण्या, इस्पिक आणि बदाम.
मधे एक्का उघडा.
परकारनं आठ काळ्या बिया लावल्या.
चहावर साय.
हात आपोआप डब्याकडे निघाला;
मी तो मांडीखाली दाबला
आणि राण्या पालथ्याच सरकवल्या.

परकारनं त्याची पानं गड्डीत मिसळली.
झालं. आता ती कुणालाच कधी दिसणार नाहीत.

कदाचित काहीच नव्हतं त्याच्याकडे.

खोलीवर येऊन घरी फोन लावला.
मिरजेत साडेबारा वाजून गेलेले,
ऋजुता जागीच. आवाज बसलेला.
काय झालं गं?
“काही नाही, बाबा.”

एरवी मी खोदत बसलो असतो,
कोण काय बोललं, मार्क कमी पडले का,
परवा कुणाचं नाव घेत होतीस,
तिनं फोन ठेवेपर्यंत.

काल म्हणालो, बरं.
आणि फोन तसाच कानाला धरून राहिलो.

तिच्याकडचा पंखा ऐकू येत होता,
एका पात्याला जरा खरखर आहे त्याच्या.
तिनंही फोन ठेवला नाही.

वहीत कालची ओळ अजून भरायची आहे.