रुमालाखाली

आण्णांचा हात रुमालाखाली गेला की
आम्ही पोरं त्यांच्या तोंडाकडं बघायचो.
तोंडावर काही नसायचं.
समोरचा बोटं दाबायचा, सोडायचा,
एक पेर, दोन पेरं, मूठ,
आणि सांगलीच्या यार्डात, सगळ्या आरडाओरड्यात,
राजापुरी हळदीचा भाव
कुणालाही न दिसता ठरायचा.

अक्काचं यंत्र तळहातावर मावतं.
त्यात एक छिद्र आहे म्हणे, नजरेला न दिसणारं.
त्यातून डीएनएचा धागा सरकतो
आणि जाता जाता दाब देतो.
अक्षरं चारच.
दिसत एकही नाही, दाबावरून ओळखायचं.
"आमचे आण्णा बसले असते
तर माझ्याआधी वाचून मोकळे झाले असते,"
असं ती परिषदेत बोलली, इंग्रजीत.
हसलं कुणी नाही.

चातुर्मासात आली एकदा,
हरिपूरच्या शेतात, हातात धूर सोडणारा स्टीलचा डबा.
आई बांधावरून ओरडली,
"त्रिशला, कंद उपटू नको या दिवसांत,
अनंत जीव असतात त्यात."
"अनंत नाहीत आई, मी मोजलंय.
एकेका पेशीत त्रेसष्ट गुणसूत्रं."
"त्रेसष्ट? शलाकापुरुषांएवढी?"
आई जरा वेळ गप्प.
"मग बरोबर मोजलंस."
तरी अक्कानं कोवळं पानच तोडलं.
गड्डा मातीत राहिला.

दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो
तेव्हा सांगितलं तिनं,
इतरांच्यात जोड्या असतात, हळदीत तिघं तिघं.
तिघांचं जमत नाही, म्हणून बी धरत नाही,
म्हणून गड्ड्यापासून गड्डा, गड्ड्यापासून गड्डा.
मी भात कालवत होतो.
म्हणजे पणज्यानं लावलेली ती
मेलीच नाही कधी?
"नाही ना," अक्का म्हणाली. "आमटी वाढ."

नऊ वर्षं लागली.
निम्मं झालं तेव्हा फोन आला.
आण्णा म्हणाले, "अर्ध्या हळकुंडानं पिवळी होऊ नको."
उरलेलं निम्मं अवघड होतं.
मधे मधे तेच ते, तेच ते, तेच ते,
हजारो ओळी,
महापुरानंतर पेवांच्या जागी नुसता गाळ होता तसं,
कुठलं पेव कुणाचं, खूण नाही.
तिथं रिकामी जागा सोडून पुढं जायचं
असं बाकीच्यांचं ठरलं.
ही बसली.
पेवात उतरायच्या आधी कंदील सोडतात खाली,
विझला तर थांबतात.
हिचा विझायचा. ही पुन्हा लावायची.

निबंध छापून आला. त्रेचाळीस नावं.
मगदूम एकोणिसावी.
शेवटच्या पानावर, बारीक टायपात, कुणी काय केलं ते;
दिवाणजींच्या पोरीनं मराठीत सांगितलं:
त्रि. बा. म. यांनी नमुने आणले, रिकाम्या जागा भरल्या.
एवढंच.
ते पान मी रोजमेळात ठेवलंय,
तोलाई आणि हमालीच्या मधे.

आता लिलाव पडद्यावर होतो.
आण्णांची उजवी बाजू गेली, वाचाही.
दिवाळीत अक्कानं उपरणं घेतलं,
त्यांच्या डाव्या हातावर टाकलं,
आपला हात खाली सारला.
डाव्या हाताचा सौदा यार्डात कुणी केला नव्हता.
बराच वेळ कापड हलत होतं.
किती म्हणाले, मी विचारलं.
"रुमालाखालचं सांगायचं नसतं.
व्यापारी आहेस ना?"
आणि उठून पर्समध्ये तिकीट शोधायला लागली,
जे टेबलावरच होतं.

वैशाखात बेणं निवडताना
एक गड्डा दोनदा हातात घेतला.
कडेला मोडलेला होता, बाजूला ठेवला.
संध्याकाळी परत ढिगात टाकला.