ब्रेक फिटरची मुलगी

हिंगण्याच्या वर्कशॉपात एकोणीस वर्षं
मी फक्त थांबवायचं काम केलं.
लायनर, ड्रम, रिबिट,
पाय पेडलवर, कान चाकाशी.
बस कुठं जाणार ते पाटीवर लिहिलेलं असतं,
कुठं थांबणार ते माझ्या हाताला ठाऊक.

आणि संघमित्रा म्हणाली, पप्पा,
गाडी करायची आहे, ब्रेक नसलेली.
इंजिनही नाही.
मग चालते कशावर?
उतारावर, म्हणाली, जणू पेट्रोलचं नाव सांगावं.

लकडगंजातल्या आरामशीनवाल्यानं
सागाचा तुकडा फुकट दिला.
"एवढ्याशाचं काय करून राहिले भाऊ?"
चाकं निनाव्यांकडची,
त्यांच्या तान्ह्या पोळ्याच्या नंदीची.
शिंग तुटल्यापासून तो माळ्यावरच होता.
आता चार आगपेट्यांवर उभा आहे,
टायर काढलेली गाडी डेपोत उभी असते तसा.

पॉलिश पेपर शंभर नंबर, मग दोनशेवीस,
मग तिच्या फ्रॉकची बाही.
खिळ्यांना ग्रीस लावू? नको. ग्रीस धूळ धरतं.
तिनं अख्खी पेन्सिल फोडली,
शिसं कुटून त्याचा काळा पीठ केला
आणि बोटानं आसाला चोळत बसली.
माझ्या नखांतलं ग्रीस
लग्नातसुद्धा निघालं नव्हतं.
मी हात मागं घेतले.

मागचं उजवं भोक तिरकं पडलं.
चाक जमिनीपासून दोन कागद वर,
टेकतच नाही.
रात्री ती झोपल्यावर मी ड्रिल हातात घेतला,
प्लगपर्यंत गेलो.
अंथरुणातून आवाज: "राहू द्या.
तीन चाकं कमी घासतात."

वजन दीडशे ग्रॅम, नियम आहे.
इतवारीतल्या सराफानं
मखमल झटकली, गाडी काट्यावर ठेवली.
एकशे अठ्ठेचाळीस.
तिनं केसांतल्या चार पिना काढल्या,
मागच्या खाचेत दाबल्या, वरून मेण.
दीडशे.
सराफ म्हणाला, बाई,
सोन्यालाही एवढं कोणी पाहत नाही.

विहाराच्या हॉलमध्ये स्टेजवरून खाली
प्लायवूडचा ट्रॅक, त्यावर तीन पट्ट्या.
अकरा गाड्या.
खोब्रागडे सरांची शिट्टी, शेंबड्या पोरांचा गिल्ला.
एक गाडी ट्रकसारखी, मागं "हॉर्न ओके" लिहिलेली,
ती निम्म्यातच आडवी झाली
आणि तिचा मालक टेबलाखाली जाऊन बसला.
रेषेच्या पुढं काय ठेवायचं
ते मला विचारलं होतं. माझं खातं तेच.
कूलरच्या जुन्या ताट्या सोडून
त्यातलं गवत मी रचलं, हातभर जाड.
मागच्या उन्हाळ्याचा वास होता त्याला अजून.
प्रत्येक गाडी त्यात शिरली, अलगद,
एकीचंही नाक फुटलं नाही.
संघमित्राची चौथी आली.

रडली नाही. वडापाव खाल्ला, दुसरा मागितला.
घरी येताना स्कूटरवर मागून विचारलं,
गवत नसतं, तर कुठपर्यंत गेली असती?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.
ब्रेकिंग डिस्टन्सचा तक्ता मला पाठ आहे,
ओला रस्ता, कोरडा रस्ता,
भरलेली गाडी, रिकामी गाडी.
सिग्नल लागला. मी थांबलो.
हिरवा झाला तरी थोडा वेळ थांबलोच,
मागचा ऑटोवाला शिव्या देऊन गेला.

रविवारी साडेपाचला सेमिनरी हिल्स.
फिरायला आलेले दोन म्हातारे,
एक कुत्रं, डांबर अजून गार.
तिनं गाडी ठेवली, बोट उचललं.
ना पट्टी, ना शिट्टी, ना गवत.

आधी तर ती निघालीच नाही असं वाटलं.
मग निघाली.

माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला.
चपलेखाली नुसता रस्ता.
संघमित्रा मागं धावली, पिना नसलेले केस तोंडावर,
गाडी वळणाशी गेली, दिसेनाशी झाली,
मग संघमित्राही.

मी तिथंच. पाय दाबलेला.

आणि वळणापलीकडून तिची हाक:
"पप्पा, चालूनच राहिली!"