पायरी क्रमांक चार, निवती धक्का

टेपचं एक टोक दाजी मेथरच्या हातात, एक माझ्या.
सगळा धक्का जांभ्याचा, ही एकच पायरी काळ्या दगडाची.
कुठल्यातरी गलबताच्या पोटातून नीरम म्हणून आलेली असावी.
तिच्यावर छिन्नीनं कोरलेली फुली:
चार पट्टे, पट्ट्यात तीन रांगा, रांगेत आठ घरं.
शहाण्णव घरं आणि मधलं एक.
त्या मधल्यात रात्रीच्या भरतीचं पाणी,
पाण्यात नखाएवढी कुर्ली.

मोजणी वहीत लिहिलं: खुणा. निरुपयोगी.
दाजीला वाचता येत नाही,
पण पेन कुठं अडलं ते कळतं.
"सोंगट्यांचो पट तो.
ह्या फुलयेर बसलंस तर तुका कोण मारूचो नाय."

राजांचा पट मखमलीचा, खेळून झाला की गुंडाळायचा.
खलाशांनी दगड निवडला.
वारा पडलेला, शिडं लोंबलेली,
जकातीचा कारकून जेवायला गेलेला,
आणि वल्ह्याला सवकलेल्या हातांना
काहीतरी फेकायला हवं.
सोंगट्या सावंतवाडीच्या, चिताऱ्याच्या चरकावरच्या,
लाखेचा वास मुठीत दिवसभर.
कवड्या दूर दक्षिणेच्या बेटांवरून, काथ्याच्या गोणींतून.
बाजारात त्या पैसा होत्या,
पैसा तांब्याचा झाला तेव्हा सुटल्या बिचाऱ्या, खेळायला लागल्या,
असं मी दाजीला समजावत होतो.
"उलटा," तो म्हणाला. "आदी खेळ. पैसो मागसून इलो."

एक उताणी पडली तर दहा.
पाच पडल्या तर पंचवीस.
नुसत्या दोन पडल्या तर दोनच,
आणि कधीकधी माणसाला दोनच हवे असतात.

इसमाल होडेकरला दोन हवे होते.
तीन पिवळ्या पिकलेल्या, चौथी शेवटून दुसऱ्या घरात.
समोर विश्राम सारंग, डाव तिसऱ्या दिवशीचा.
तेवढ्यात वारा उठला.
तांडेलानं हाक दिली, इसमाल कवड्या खाली ठेवून उठला:
परत आलो की माझी खेळी.
विश्रामनं पटावर माशांची पाटी पालथी घातली,
पाटीवर धोंडा.

गलबत आलं नाही.
पाटी मात्र वर्षभर तशीच. बायका वळसा घालून जायच्या,
पोरांना दटावलं जायचं.
मग एका उधाणानं धोंडा, पाटी, पंधरा सोंगट्या नेल्या.

पुढं आगबोटीतून लुडो आला, पुठ्ठ्याचा, घडीचा,
घरं कमी, फासा एक.
पोरांना वाटलं, खेळ विलायतेचा.
लेक सासरहून फ्रॉक घालून माहेरी यावी
आणि दारातल्यांनी नाव विचारावं, तसं.

"म्हणजे डाव मोडला," मी म्हटलं.
"मोडलो नाय. रवलो."
त्यानं कनवटीतून सोळावी काढली.
पिवळी, टवके उडालेली, डोक्याला अजून चमक.
ठेवली. शेवटून दुसऱ्या घरात.
ती जागा त्याला शोधावी लागली नाही.

कवड्या नव्हत्या.
मग खडपाखालच्या तिसऱ्यांची सहा शिंपलं
त्यानं माझ्या ओंजळीत घातली.
मी सरकारी माणूस. आराखड्यात या पायरीवर
एकशे वीस मिलिमीटर काँक्रीट आहे.
कुणाच्या वतीनं टाकतोय हेही विचारलं नाही.

टाकली.
दोन उताणी. तीन पालथी.
एक घरंगळून कडेवरून पाण्यात.

निरुपयोगी खोडलंय.
त्याजागी खात्याला चालेल असा शब्द सुचत नाही.
टेप सैल पडलाय, भरती दुसऱ्या पायरीला लागलीय
आणि दाजी कोपरापर्यंत हात घालून
सहावं शिंपलं चाचपतोय,
न उलटता, जसं पडलं तसंच
वर आणायचं म्हणून.